पातळी

रात्री दोनला टॉर्च घेऊन वाकते
नऊ नंबरच्या खाटेखाली.
पिशवी दांड्याला अडकवलेली,
मूत्राशयाच्या खाली, फरशीच्या वर.
तेवढ्या वीतभर जागेत चालते माझी रात्रपाळी.

"किती?" अंधारातून विचारतात.
मोहिते काका जागेच.
"साडेतीनशे. रंग बरा आहे."
"वेळ लिहिता का?"
"लिहिते."
"मीही लिहायचो. आजव्याला, दरवाज्यांवर.
सत्तावीस पावसाळे.
फूट, इंच, वेळ, सही.
खाली सगळं बडोदं झोपलेलं असायचं."

हे बोलताना ते माझ्याकडे बघतात.
सकाळी साबण-पाण्यानं पुसते,
मांडीवरची चिकटपट्टी बदलते,
तेव्हा भिंतीकडे.

मुलगा एक्स-रेला घेऊन निघाला
तर पिशवी वडिलांच्या मांडीवर, वर टॉवेल.
"लोक बघतात ना, सिस्टर."
मी भर कॉरिडॉरमध्ये ओरडले, खाली! खाली धरा!
मग लाज वाटली, म्हणून सांगितलं:
आम्ही कारेलीबागेत राहतो.
विश्वामित्री चढली त्या साली
आमच्या घरात पाणी दारातून नाही आलं.
पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं,
आणि मोरीतून बुडबुड करत वर आलं,
आमचंच, आणि गल्लीभराचं.
शेजारच्यांच्या जिन्यात तर हातभर मगर.
तो काही बोलला नाही.
पण तेव्हापासून पिशवी नेतो
भरलेली बादली न्यावी तशी, गुडघ्याशी.

हेतल नवी आहे. नऊचा मग दहाला लावत होती.
प्रत्येकाचा मग वेगळा, बाई.
तोटी मगाला टेकवायची नाही.
जोड सोडायचा नाही, कोणी कितीही घाईत असो.
आणि हात.
आधी, नंतर, आणि आठवलं की पुन्हा.
ती म्हणते, हातांची सालं निघतात.
निघतात. खोबरेल लाव, घरी गेल्यावर.

चौदा नंबरचं मी कुणाला सांगत नाही.
जशुभाई सुतार, मांडीचं हाड.
ऑपरेशनला नळी घातली, ती गरजेचीच होती.
मग राहिली,
पाहुण्याची छत्री कोपऱ्यात राहते तशी.
राउंडला सगळे पाय बघायचे.
आम्ही पिशवी रिकामी करायचो, लिहायचो,
रिकामी करायचो, लिहायचो.
अकरा दिवस कुणी विचारलं नाही,
ही अजून कशाला?
मीही नाही.
बाराव्या रात्री हुडहुडी. खाट वाजत होती.
नळीत ताकाच्या निवळीसारखं गढूळ.
बायको विचारत राहिली,
पाय तो सारो छे, ताव क्यांथी आव्यो?
उंची नीट होती. मग वेगळा होता. हात धुतलेले होते.
सगळं बरोबर होतं, फक्त दिवस चुकले होते.

म्हणून आता डॉक्टर पेनाचं टोपण काढायच्या आत
मी विचारते, नऊची आज काढायची?
"उद्या बघू."
"उद्या पुन्हा विचारीन."
तिसऱ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, काढा.

सिरिंजनं फुग्यातलं पाणी ओढलं, दहा मिली, पूर्ण.
"लांब श्वास घ्या, काका."
"दरवाजा उघडताय, तर खाली कळवलंत का?"
डोळे मिटलेले, पण हसत होते.

मग वाट बघणं.
बारा. एक. दोन.
पाणी प्या. चाला. घाबरू नका.
मुलगा बाहेर फेऱ्या घालत होता,
पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखा.
मी संडासातला नळ बारीक सोडून ठेवला.
चार वाजता दार लागलं,
आणि आतून आवाज, पूर्वीच्या त्या फोनवर
कंट्रोल रूमला द्यायचा असेल तसा,
सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा:
"एकशे ऐंशी! वेळ चार दहा!"

लिहिलं. सहीच्या रकान्यात,
नियमात नसताना,
त्यांचीच सही घेतली.

चौदावर संध्याकाळी नवा माणूस आला,
नळी घालूनच.
हात धुतले.
पिशवीवर पट्टी लावली
आणि तारीख घातली, मोठ्या आकड्यांत,
दारातून दिसेल एवढी.