चौथ्या सीझनबद्दल

चौथ्या सीझनबद्दल माझं मत वाईट आहे.
हे मी सावद्यात, रात्री पावणेदोनला,
केळी पिकवायच्या चेंबरबाहेर
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगतेय,
तेव्हा फार मनावर घेऊ नका.

पहिल्या सीझनमध्ये ती फौजदार बाई लंगडायची.
डावा पाय. जिना आला की आधी उजवा,
मग कठड्याला हात, मग उरलेली ती.
पेपरवाल्यांनी लिहिलं तिच्या डोळ्यांबद्दल.
मी पाय बघायची.
चौथ्यात ती गच्चीवरून गच्चीवर उडी मारते.
पाय कुठल्या दवाखान्यात बरा झाला,
पैसे कुणी भरले, काही नाही.
लिहिणारे विसरले,
किंवा त्यांना वाटलं आपण विसरलो.

दुसऱ्यात एक अख्खा भाग होता, बावन्न मिनिटं.
मयताच्या बायकोला रेशन कार्डावरून
नवऱ्याचं नाव कमी करायचं असतं
आणि साहेब जेवायला गेलेले.
बंदूक नाही, पाठलाग नाही,
नुसता पंखा.
त्या रात्री रावेरहून गाडी आली
तर मी सव्वीस क्रेट जास्त लिहिले.
शेठ ओरडले. ओरडू दे.
चौथ्यात हेलिकॉप्टर आहे, दोन वेळा,
आणि माझा हिशोब पैशाला पैसा जुळला.

घाई कशी दिसते ते आम्हाला विचारा.
गॅस मारला, अठरा डिग्री धरली,
चौथ्या दिवशी साल हळदीसारखी
आणि आत गर खडूसारखा.
हे मी फिरकेला ऐकवलं तर तो चिडला,
"सगळंच काय केळं नसतं, ताई."
बरोबर आहे त्याचं.

लीलाधर फिरके, मशीनवाला, वय पंचावन्न.
त्यानं चौथा पाहिलेलाच नाही.
तिसऱ्याचेही दोन भाग सोडलेत.
सहाव्याच्या शेवटी म्हातारा हवालदार
चहात बिस्कीट बुडवतो
आणि दार वाजतं.
फिरके तिथे मोबाइल बंद करतो.
दुसऱ्या दिवशी डबा खाऊन
पुन्हा पहिल्या भागापासून.
अडीच वर्षं झाली,
बिस्कीट अजून कपातच आहे.

मागे एकदा भांडणात मी सांगणारच होते
दाराबाहेर कोण आहे ते.
तो कानांवर हात ठेवून
क्रेटांच्या मागे पळाला.
मी हसले, मग नाही हसले.

आज तीनच्या सुमाराला अलार्म वाजला.
दोन नंबर, एकोणीस पॉइंट चार.
तो आत गेला, आकडा खाली आणला,
बाहेर आला, चष्म्यावरचं धुकं पुसलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"नीट तरी मेला का वं तो?"

मी म्हटलं, नाही रे.
पाठमोरा, धावतपळत.
त्याचं नावसुद्धा नंतर कोणी घेत नाही.

फिरके बराच वेळ गप्प.
कॉम्प्रेसर चालू, बंद, चालू.
"मंग बरं केलं मी," म्हणाला,
आणि इअरफोन लावले.

दिवाळीनंतर पाचवा येणार म्हणतात.
मी बघणार.
शिव्या देत बघणार, एका बैठकीत,
आणि दोन क्रेट जरी चुकले
तरी लगेच फिरकेला उठवणार.