प्र चिरलेला

परंड्याच्या कचेरीत, पन्नास साली,
मी नक्कलनवीस. पगार तेवीस, तोही हाली.
साहेबांनी चिठ्ठी दिली:
नवी मोहर कोरून आण. मजकूर,
‘राजप्रमुखांच्या हुकमावरून’.

लतीफमियाँनी चष्म्याची दोरी कानामागं अडकवली.
“मालक तेच?”
तेच.
“मंग जुनीला काय झालं?”
म्हटलं, आता हुकूम मंत्री लिहितील,
हे सही करतील.
“आन् न्हाई केली तर?”
ते चिठ्ठीत नव्हतं.

बाप, आजा, सगळ्यांनी फर्मानाच्या मोहरा कोरल्या होत्या,
फारसी, उलट्या, डावीकडून उजवीकडं.
आज पहिल्यांदा बाळबोध उलटी.
हात उजवीकडून डावीकडं निघाला
आणि म्हातारा खुदकन हसला,
“ही तर आमच्या उर्दूची चाल हाय की!”

‘राज’ झालं. फुंकर मारली, पितळेचा भुगा उडाला.
‘प्र’च्या तिरक्या रेघेवर छिन्नी घसरली.
पुन्हा कोरायला पितळ नव्हतं,
साहेबांना वेळ नव्हता.

सहा वर्षं तालुक्याच्या दर नकलेवर
तो ओरखडा उमटत राहिला.
कुणी विचारलं नाही.

छप्पनला राजप्रमुखपदच गेलं.
मोहर जमा करताना मीच यादी लिहिली:
पितळी, नग एक,
प्र चिरलेला.