मागच्या रेघा

अलीराजपूरची बस पहाटे गंगवालला रिकामी होते
आणि नवाच्या सुमाराला तिच्यातली काही माणसं
माझ्या खिडकीसमोर उकिडवी बसतात.
आज केकडिया कनेश. थावरी.
तिच्या मांडीवर मंगू, वय दोन, बोटं सुजलेली.
रात्रभर हाडं धरून रडतो, म्हणे.

काम साधं आहे.
नळीत औषध, औषधात रक्ताचा थेंब, पाच मिनिटं,
मग नळी धरायची काळ्या रेघा मारलेल्या कागदापुढे.
मागच्या रेघा दिसल्या तर घरी जा.
नळी गढूळली, रेघा बुडाल्या, तर थांबा.

केकडियाच्या नळीत रेघा बुडाल्या.
थावरीच्याही.
मंगूची मी लगेच धरली नाही.
पेन शोधत राहिले, जे कानावरच होतं.

गावच्या बडव्यानं दाणे टाकून सांगितलंय
कुणाची तरी नजर आहे.
नजर नाही, मी म्हणते, डास.
केकडिया हसतो:
डास तर सगळ्यांनाच चावतो, बाई.

हो रे, सगळ्यांनाच.
तुझ्या आजाच्या आजालाही चावला,
नर्मदेकडच्या उतारावर, सागाच्या रानात.
एका झोपडीत तीन भावंडं.
एकाचं रक्त गोल, भरल्या दाण्यासारखं,
तापाला आयतं घर मिळालं. ते गेलं.
एकाच्या रक्तात आईकडून एक विळा, बापाकडून एक.
त्याला न्यायला ताप यावाच लागला नाही.
तिसऱ्याकडे एकच विळा, म्यानात.
ताप आला, पथारी पसरली,
बस्तान बसेना म्हणून उठून गेला.
ते तिसरं पोर वाढलं, त्याचं लग्न झालं,
त्याचाच तू.

पुस्तकात याला निवड म्हणतात.
मला वाटायचं, कुणीतरी बाई असेल,
ताटात तांदूळ घेऊन उन्हात बसलेली,
खडे बाजूला सारणारी.
तशी कुणी नाही.
सकाळी कोण उठलं, कोण नाही,
एवढंच. हजारो पावसाळे.

यातलं काही मी बोलत नाही.
बोलते ते असं: पाणी भरपूर पाजा,
थंडीत पोराला उघडं ठेवू नका,
गोळी रोज, चुकवायची नाही,
पुढचं पोर राहिलं तर आधी इकडे या.
थावरी विचारते,
माझ्यानं झालं का याच्यानं?
दोघांच्याही माणसांना ज्यानं जगवलं त्यानंच झालं, बाई.
पण हे कुठल्या तोंडानं सांगू,
पोर समोर कण्हत असताना?
कुणाच्याच नाही, मी म्हणते.
तिला ते पटत नाही. ती नवऱ्याकडे बघते, तो बसच्या तिकिटाकडे.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात
आम्ही सगळ्यांनी आपापलं रक्त घालून पाहिलं होतं.
माझ्या नळीमागे रेघा लख्ख, पहिलीच्या वहीसारख्या.
दिवसभर उगाच बरं वाटलं.
मग लक्षात आलं, यात माझं काय?
माझ्या माणसांची परीक्षा त्या रानात झालीच नव्हती,
दुसरीकडे कुठे झाली असेल, तिची नळी माझ्याकडे नाही.

एक मात्र आहे.
सराफ्यात रामकन्या गुर्जर कढईतलं दूध
सायीसकट दोन कुल्हड पिते आणि ओठ पुसते.
तिच्या मागे गुरांमागून चाललेले किती दुष्काळ,
ज्यांत दूध पचलं ती पोरं उरली.
आमचे कुणी होळकरांच्या दफ्तरात लिहायला आले,
भात, मासळी आणि नारळाच्या मुलखातून.
माझं पोट अजून तिकडचंच.
मी गराडू खाते, जिरावण जास्त टाकून.
ती चिडवते, इंदूरची असून दूध नाही पचत?

संध्याकाळी नळ्या धुतल्या.
त्या तिघांची बस सुटली असेल.
बाहेर पालिकेची गाडी धूर सोडत गेली,
डास कमी झालेत इथले, तिथलेही थोडे,
विळ्यांना हे कुणी कळवलेलं नाही.

रेघांचा कागद ओला होऊन फाटला होता.
नवा घेतला, पट्टी ठेवली.
चौथ्या रेघेला हात हलला.
राहू दिली तशीच.