क्लूनगाराचा दगड

गावाच्या इतिहासाचा फलक लावायचं ठरलं
आणि दोन हिवाळे नावावरूनच भांडण.
मोजणीला आलेल्या शिपायानं
कानाला आलं तसं उतरवलं होतं नकाशावर;
जुन्या बोलीत ते कुरण होतं की कुंपण,
सांगू शकणारी तोंडं बोटीत बसून गेली
बटाटा काळा पडला त्या सालानंतर.

मग डर्व्हला हेगार्टीनं घरून आणली
डेअरीची वही.
आजोबांचं अक्षर. अमुक घर, इतके गॅलन दूध.
एकतीस सालचा मार्च: बत्तीस घरं.
पुढं पानागणिक एखाद्या नावासमोर नुसती रेघ.
रेघ म्हणजे गाय विकली.
रेघ म्हणजे बॉस्टन.
एक रेघ हललेली,
ती त्यांच्या धाकट्या भावाची.

चहा निवून गेला.

टाइग मॅकनिफच्या फाटकाला
खांब म्हणून उभा आहे एक दगड,
कडेवर खाचा; ती एक लिपी आहे म्हणे,
दीड हजार वर्षांची.
मजकूर एवढाच: अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा.
खालून वर वाचायची असते ती.
गाई येता-जाता पाठ घासतात,
त्यामुळे खालचा मुलगा पुसून गेलाय,
वर बाप तेवढा उरलाय.

टाइगला कुणी म्हणालं, कुंपण घाल त्याला.
तो म्हणाला, मग गाईंनी कुठं खाजवायचं?

फलकाचे पैसे शेवटी शाळेच्या छपरात गेले.
पटावर सात पोरं.
त्यातल्या दोघांची नावं पोलंडकडची,
बाईंची जीभ अजून अडखळते,
पोरं दुरुस्त करतात,
बाई पुन्हा म्हणून बघतात.