मोडायची पिन

बुधवारच्या जुन्या बाजारात
शौकत आतारनं ताडपत्री बाजूला सारली.
म्हणाला, मॅडम, भुईमूग उपटायचं मशीन. फॉरेन.
मी वाकून पाहिलं.
पुढे रुंद लोखंडी जबडा,
आत गोल जिन्यासारखी पिळत गेलेली पाती,
वर बगळ्याची मान, हव्या त्या बाजूला वळणारी.
म्हटलं, शौकत, हे बर्फ उपसायचं आहे.
तो क्षणभर गप्प.
मग म्हणाला, असं होय. पाचशे कमी द्या.

दोरी ओढून पाहिली.
आतून कुणी उलट ओढल्यासारखा जोर हाताला लागला,
म्हणजे पिस्टन शाबूत.
तेलाची काडी नाकाशी धरली: जळकट,
पण बोटांत चुरा आला नाही.
जबड्याच्या कडेला वेल्डिंगचा एक टाका,
घाईत मारलेला, फोडासारखा फुगलेला.
औंधच्या आयटीआयत सत्तावीस वर्षं
मुलांच्या हातात कानस देत आले मी.
हा टाका माझ्याकडे नापास झाला असता.
त्या टाक्याचे आणखी दोनशे कमी केले.

टेम्पोवाल्यानं कर्वेनगरपर्यंत तीनदा विचारलं,
ताई, हे नेमकं खातं काय?

चौथ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर
देवस्थळींचं वळणदार अक्षर:
"पार्किंगमध्ये शेतीची अवजारे ठेवू नयेत.
ठेवल्यास शेतही दाखवावे."

मी खाली सतरंजी टाकून कार्ब्युरेटर उघडला.
कुण्या थंड गावचं जुनं पेट्रोल
डिंक होऊन बसलं होतं.
दुसऱ्या मजल्यावरच्या ओवीच्या गिटारची तुटकी तार घेतली,
एकेक छिद्र मोकळं केलं.
प्लग घासला. पट्टा बदलला.
उंदरानं केलेलं घर निघालं पंख्याच्या झाकणाखाली,
त्यात बडीशेपेची रिकामी पुडी,
म्हणजे उंदीर तरी इथलाच.

पिनेसाठी बोहरी आळी.
मुस्तन्सिरभाई, मऊ पिन हवी.
मऊ? सगळे कडक मागतात.
मोडायला हवी, म्हटलं.
पात्यात दगड अडकला की आधी ही तुटते,
म्हणून गिअरबॉक्स वाचतो.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
म्हणजे प्रत्येक घरात एक असते, तशी.
मी सुट्टे मोजत राहिले.
डझनाखाली देत नाही, म्हणाले.

पुण्यात कशाला, असं भाचा विचारतो, दूधवाला विचारतो.
मला सांगता येत नाही.
बोटं रिकामी राहिली
की भिंतीतले स्क्रू चाचपत फिरतात, इतकंच.
दर होळीला टाकी रिकामी करते,
इंजिन शेवटच्या थेंबापर्यंत चालवून आपोआप विझू देते.
दर दिवाळीला ताजं तेल.
त्याला कुठे माहीत, बर्फ कुठे आहे.

अठरा एप्रिल, दुपारी चार.
पत्र्यावर कुणी पोतं उलटं केल्यासारख्या गारा.
पार्किंगचा उतार पांढरा झाला,
दोन स्कूटर आडव्या.
देवस्थळी परात डोक्यावर धरून खाली आले.
काढा, म्हणाले, तुमचं ते शेत.

चोक. दोरी.
एक, दोन, तीन. काही नाही.
पाच. खोकला.
सातव्याला भडकलं,
निळा धूर, आणि सगळ्या गॅलऱ्यांत माणसं.
बगळ्याची मान मी कुंपणाकडे वळवली.
तीन हात गारा उडाल्या खरोखर,
मग गुलमोहराचा पाचोळा,
मग नुसतं पाणीच,
कारण इथला उन्हाळा माझ्यापेक्षा चपळ,
आणि मग
कट्.
पाती जागच्या जागी थांबली.
इंजिन मात्र निवांत चालू.

आत देवस्थळींची डावी चप्पल.
ते एका पायावर उभे, परात अजून डोक्यावर,
पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचत नव्हता.

मी इंजिन बंद केलं, प्लगची टोपी काढली,
मगच हात घातला.
पिनेचे दोन तुकडे तळव्यावर घेतले.
काप कसा सरळ, जिथे हवा तिथेच.
ओवीला हाक मारली, ये, बघ,
असं मोडता आलं पाहिजे.
तिला ते फारसं कळलं नाही,
ती वाटीत गारा वेचत होती.

अकरा आहेत अजून.