शाळेची टॅक्सी, जानेवारी

कुह्मो गावाच्या पलीकडे बावीस किलोमीटर,
तळ्याकाठच्या पिवळ्या घरापाशी मी सात दहाला थांबतो.
उणे सव्वीस. इंजिन बंद करायचं नाही.
दोन पोरं चढतात: हिल्या, सहावीतली,
आणि आर्वो, दुसरीतला.

नाताळच्या आधी आर्वोचं तोंड मिटत नसे.
वाटेतले रेनडिअर मोजायचा,
नाही दिसले तर स्वतःच ठरवून टाकायचा. चार.

सुट्टीनंतर गप्पच चढला.
पट्टा लावताना माझ्या हाताला
पोरगं कमी आणि जाकीट जास्त लागलं.

सोमवारी एकदा गाडी थांबवली.
मंगळवारी दोनदा.
बुधवारी तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा
रस्त्याची कड कळावी म्हणून रोवलेल्या काठीशी
तो पाठमोरा उभा होता, आणि वाफ.
हिल्या काचेकडे बघत म्हणाली,
"रात्री पण. गादी भिजते. सांगू नकोस म्हणालाय."

आणि पाणी!
माझ्या थर्मासातला बिनसाखरेचा चहा
त्यानं गटागटा संपवला,
मग हातमोज्याला चिकटलेला बर्फ
चाटत बसला.

"उंची काढतोय," आई दारातूनच म्हणाली.
"झोप होत नाही, अंधाराचे दिवस."
तिच्याकडे प्रत्येकाला एक कारण होतं,
आणि सुटं सुटं बघितलं तर
एकेक कारण पटण्यासारखं.

गुरुवारी त्याला उचलूनच बसवावं लागलं.
त्याचं तोंड माझ्या कानाशी आलं.
श्वास... कसा सांगू,
तळघरात फार दिवस राहिलेली सफरचंदं,
त्यातलं एक खालून मऊ पडलेलं,
तसा गोड, नाकाला झोंबणारा.

हा वास मला ठाऊक आहे.
एकोणीसशे एकाहत्तर, आमच्या स्वयंपाकघरातला बाक.
काउको, माझा भाऊ, पोट दुखतं म्हणाला, ओकला,
मग लांब लांब श्वास घेत राहिला
जणू चढ चढतोय; आणि होता आडवा.
सगळे म्हणाले, साथ आहे, उतरेल.
मी म्हणालो, काउकोला सफरचंदांचा वास येतो.
"या दिवसांत सफरचंदं कुठली," कोणीतरी म्हणालं.
सकाळी बाकावर
घडी घातलेलं घोंगडं होतं.

मी परत जाऊन दार वाजवलं.
"मी डॉक्टर नाही," म्हणालो, "पण कोट घाल.
आत्ता. संध्याकाळी नाही, सोमवारी नाही."
ती काही बोलणार होती.
तेवढ्यात मागे, उघड्या दारातून,
आर्वो बर्फात ओकला.

एकशे बारावर मी सगळं एका दमात सांगितलं:
तहान, लघवी, वजन, ओकारी, वास.
पलीकडची बाई म्हणाली, निघा, रुग्णवाहिका समोरून येतेय.
पेट्रोल पंपापाशी गाठ पडली.
तिथल्या परिचारिकेनं बोटाला सुई टोचली,
थेंब पट्टीला लावला.
यंत्रानं आकडा दिलाच नाही,
मोजता येईल त्याच्या वर, एवढंच दाखवलं.

फिनिशमध्ये अशा आकड्यालाही आर्वो म्हणतात. मोल.
फोनवरच्या डॉक्टरनं विचारलं, "आर्वो किती?"
आणि स्ट्रेचरवर मिटल्या डोळ्यांनी
पोरानं हात वर केला,
वर्गात हजेरी देतात तसा.

ते कयानीच्या मोठ्या इस्पितळात गेले.
मी हिल्याला शाळेत सोडलं, चाळीस मिनिटं उशिरा.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
रस्ता, असं लिहिलं.

मार्च. उणे चार.
आर्वोच्या दंडावर एक पांढरं बटण आहे,
खिशात ग्लुकोजच्या गोळ्या,
दप्तरात इन्सुलिनचं पेन, जे तो मला
दोनदा दाखवून झालाय.
"सात," तो मागून ओरडतो.
मी दोन्ही बाजूंना बघतो. रानात एकही रेनडिअर नाही.
"ते नाही," तो म्हणतो, "माझे."