बारानंतरचं जवस

विम्याचा माणूस दोन वाजता आला.
ओस्ताप म्हणाला, उशीर केलात,
निळं होतं ते बाराच्या आत गळून गेलं.
त्याने लिहिलं : फुलोरा नाही.

मेलानिया हसली नाही.
जवस सकाळी उमलतं, जेवणाआधी पाकळ्या टाकून देतं,
उद्या पुन्हा, शेजारच्या देठावर.
सस्कॅचेवानात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सप्टेंबरात बोंडं वाजू लागली,
पुडीतली मोहरी कुणी कानाशी हलवावी
इतकीच.
मग कापणी. मग काड.
हार्वेस्टरच्या दांड्याला धागे असे गुंडाळले
की पट्टा जळाल्याचा वास घरापर्यंत आला.

रात्रीचे अकरा, शून्याखाली चार.
पाव कापायची सुरी घेऊन ती उताणी आत सरकली.
ओस्तापने टॉर्च धरली आणि जीभ आवरली.
तासाभराने बाहेर आला
हातभर लांब, राखाडी, ग्रीसने माखलेला पेड.

"याचा सदरा झाला असता,"
ती म्हणाली, "तुला नाही, मला."

त्यानेच तिने विम्याचे कागद बांधले.
मार्चमध्ये नवा माणूस आला, सकाळी नऊला,
बाहेर गुडघाभर बर्फ.
गाठ काही सुटेना.
ती सुरी आणायला उठली.